‘ठीक आहे’ दाबण्याआधीच १७ कुकीज : आमच्या बेदाण्याच्या संकेतस्थळाची झडती

बेदाणाघर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचा सांगलीत बेदाणा आणि हळद यांचा घरचा व्यापार आहे. दोन वर्षांपूर्वी किरकोळ ग्राहकांसाठी एक लहानसे संकेतस्थळ करून घेतले. त्यावर अर्ध्या आणि एक किलोची पाकिटे मागवता येतात आणि माल कुरिअरने जातो. गेल्या आठवड्यात पुण्याहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. तक्रार मालाची नव्हती. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे हळदीचा भाव पाहिला, घेतले काहीच नाही, खाली आलेल्या पट्टीवरचे ‘ठीक आहे’सुद्धा दाबले नाही. तरी संध्याकाळी बातम्या वाचायला बसले तर मजकुराशेजारी तुमचीच हळद. मी तुमच्या दुकानात डोकावले होते हे तिथे कोणी सांगितले?" मला उत्तर देता आले नाही, आणि दुकानदाराला आपल्याच दुकानाबद्दल उत्तर देता येऊ नये याची लाज वाटली.

त्या रात्री संगणकावर ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज, म्हणजे संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी, पुसल्या, आमचे संकेतस्थळ उघडले, कुकीजची संमती मागणाऱ्या त्या पट्टीला हात न लावता एफ १२ ही कळ दाबली आणि ‘ॲप्लिकेशन’ या कप्प्यात ‘कुकीज’वर टिचकी मारली. एकूण १७ कुकीज होत्या. दोन आमच्या होत्या : एक टोपलीत काय टाकले ते लक्षात ठेवणारी आणि दुसरी मराठी-इंग्रजी भाषेची निवड जपणारी. तीन पाहुणे मोजणाऱ्या सेवेच्या, सहा दोन जाहिरात कंपन्यांच्या, चार पहिल्या पानावरच्या बेदाण्याच्या शेडच्या व्हिडिओमुळे आलेल्या आणि दोन कोपऱ्यातल्या गप्पांच्या खिडकीच्या, जी खिडकी बसवल्यापासून आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने उघडलेली नाही. मोजणीच्या एका कुकीपुढे ती रद्द होण्याची तारीख ४०० दिवसांनंतरची होती.

मग मी ‘ठीक आहे’ दाबून पाहिले. १७ च्या १८ झाल्या. वाढलेली एक होती ‘या माणसाला पट्टी दाखवून झाली’ एवढेच लिहून ठेवणारी. म्हणजे आमची पट्टी विचारत काहीच नव्हती, नुसती बसून होती. ज्यांनी संकेतस्थळ करून दिले त्यांना विचारले तर "सगळेच असे लावतात, कायद्यासाठी लागते" असे उत्तर मिळाले. यातले खरोखर लागते काय आणि मी काढावे काय, हे जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ

पहिल्यांदा आपले अभिनंदन, कारण आपण तपासणी योग्य रीतीने केलीत. पुष्कळ जण ती ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीत करतात. क्रोममध्ये त्या खिडकीत परक्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्याच कंपन्यांच्या, कुकीज मुळातच अडवलेल्या असतात, त्यामुळे आकडा कमी येतो आणि माणूस निर्धास्त होतो.

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर. वेबचा मूळ व्यवहार विसराळू आहे. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर (संकेतस्थळ ज्यावर ठेवलेले असते तो संगणक) पान देतो आणि त्याच क्षणी समोरचा कोण होता हे विसरतो. बेदाणा टोपलीत टाकून दुसऱ्या पानावर गेलात की टोपली कोणाची हे त्याला ठाऊक नसते. १९९४ साली नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी यावर तोड काढली : सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी ब्राउझरजवळ द्यायची आणि पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझरने ती दाखवायची. नाव युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या जुन्या मंडळींच्या ‘मॅजिक कुकी’ या शब्दावरून घेतले. चिठ्ठी जास्तीत जास्त साधारण ४ किलोबाइटची असते आणि तिच्यात बहुधा एक लांबलचक क्रमांक असतो, बाकी काही नाही.

देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर मिळणारा बिल्ला डोळ्यांपुढे आणा. त्यावरच्या ४२ या आकड्याला स्टँडवाल्याशिवाय कोणाच्या लेखी अर्थ नाही. चप्पल परत घेतलीत, बिल्ला दिलात, व्यवहार संपला. आपली टोपलीची कुकी ही अशी आहे आणि तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नसते.

आता असे समजा की सांगलीचे गणपती मंदिर, हरिपूरचा संगमेश्वर, औदुंबर आणि मिरजेचा दर्गा या सगळ्या ठिकाणच्या स्टँडांचा ठेका एकाच माणसाने घेतला आणि त्याने ठरवले की बिल्ला परत घ्यायचा नाही, तो भाविकाने कायम खिशात ठेवायचा आणि जिथे जाईल तिथे तोच दाखवायचा. त्याला आपले नाव ठाऊक नाही, पत्ता ठाऊक नाही. पण बिल्ला क्रमांक ४२ गुरुवारी सकाळी औदुंबरला असतो, संकष्टीला गणपतीला असतो आणि गेला महिनाभर कुठेच आलेला नाही, हे सगळे त्याच्या वहीत असते. जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडा आपल्या पानावर आहे, बातम्यांच्या पानावर आहे, विवाह जुळवणाऱ्या आणि औषधे विकणाऱ्या पानांवरही आहे. प्रत्येक पान उघडताना ब्राउझर त्या कंपनीला तिचाच क्रमांक दाखवतो. बातमीच्या पानाला कोणीच काही सांगितले नाही. दोन्हीकडे ठेकेदार एकच होता.

४०० दिवसांचेही सांगतो. मोजणीच्या त्या सेवेची कुकी प्रत्यक्षात दोन वर्षांची मुदत मागते. क्रोमने २०२२ पासून ४०० दिवसांपुढची मुदत देणे बंद केले, म्हणून आपल्याला कापलेली तारीख दिसली.

मिरजेची आजी

माझे वय ७१ आहे आणि मी मोबाइलवर मालिका, पाककृती आणि मुलाचे फोटो एवढेच पाहते. प्रत्येक ठिकाणी ‘स्वीकारा’ येते आणि मी ते दाबते, कारण न दाबल्यास पाककृतीच दिसत नाही. या कुकीमुळे माझे फोटो किंवा बँकेचा पासवर्ड कोणाला दिसतो काय? आणि एकदा एका पानावर "आम्ही बिस्किटे वापरतो" असे वाचले होते, तेव्हा मला वाटले की ती पाककृतीतच आहेत.

कृष्णाकाठ

आजी, ‘बिस्किटे’ हा यंत्राने केलेल्या भाषांतराचा प्रताप आहे. त्यावर कोणी माणसाने नजर फिरवली असती तर ते छापलेच गेले नसते.

फोटोंची काळजी करू नका. कुकी ही चिठ्ठी आहे, ती स्वतः काही वाचत नाही आणि फोनमधल्या फोटोंपर्यंत तिचा हात पोचत नाही. एका संकेतस्थळाने ठेवलेली कुकी दुसऱ्याला वाचता येत नाही. बँकेत लॉगिन केल्यावर मिळणारी कुकी मात्र जपण्याची वस्तू आहे, कारण तिच्यात पासवर्ड नसला तरी ‘हा माणूस आत आलेला आहे’ एवढे ती सांगते. ती कोणी चोरली तर पासवर्डाविना आत शिरता येते. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर बँकेचे काम केले तर नुसती खिडकी बंद करू नये, ‘लॉग आउट’ करावे. आणि जिथे ‘नाकारा’ दिसेल तिथे ते बिनधास्त दाबावे, पाककृती बहुतेक वेळा तरीही दिसते. आयफोनवरचा सफारी ब्राउझर २०२० पासून परक्या कुकीज आपणहून अडवतो. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीजना वेगळी बरणी दिली आहे, म्हणजे ठेकेदाराला औदुंबरचा बिल्ला हरिपुरात चालवता येत नाही. क्रोममध्ये मात्र सेटिंगमध्ये जाऊन ‘थर्ड पार्टी कुकीज’, म्हणजे याच परक्या कुकीज, स्वतः बंद कराव्या लागतात. गूगलने २०२० च्या जानेवारीत त्या दोन वर्षांत काढून टाकू असे जाहीर केले होते, मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि २०२४ च्या जुलैत तो बेतच सोडून दिला.

पेठेतला माणूस

मी जाहिरातींचे काम करतो, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. एकदा भाव पाहून गेलेल्या माणसाला पुन्हा आठवण करून देणे याला व्यापार म्हणतात. मार्केट यार्डात गाळ्यावर येऊन न घेता गेलेल्या गिऱ्हाइकाला आपण दुसऱ्या दिवशी हाक मारतोच. मोठ्या कंपन्या हे सर्रास करतात आणि छोट्या व्यापाऱ्याने मात्र सोवळे पाळायचे, हा कुठला न्याय? दिवाळीच्या महिन्यात जाहिरातीचे पैसे कुठे वसूल झाले हे कळले नाही तर पुढच्या वर्षी तो पैसे घालणार नाही. माझा सल्ला असा की पट्टी नीट करा, ‘सर्व स्वीकारा’ मोठे आणि हिरवे ठेवा, ‘अधिक पर्याय’ बारीक अक्षरांत ठेवा. शंभरातले बहुतेक जण हिरवेच दाबतात. कायदाही राहतो आणि धंदाही.

विट्याची वकील

कायदा राहतो हे म्हणणे तपासून घ्यावे लागेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्याकडच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टास्वामी खटल्यातला निकाल आहे, ज्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरला. अधिनियमाखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत आहे. अधिनियमात ‘कुकी’ हा शब्द शोधून सापडणार नाही. तिथे प्रश्न असा आहे की ज्या माहितीवरून एखादी व्यक्ती ओळखता येते ती आपण गोळा करता काय, आणि करत असाल तर कशाच्या आधारावर. कलम ६ प्रमाणे संमती ही मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणापुरती, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती स्पष्ट कृतीतून दिसली पाहिजे. दिलेली संमती मागे घेणे, ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. हिरवे बटण एका टिचकीत आणि माघार चार पानांआड, ही रचना या वाक्यापुढे टिकवणे मला अवघड वाटते.

दुसरे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत ग्राहकाला चकवणाऱ्या १३ प्रकारांची यादी आहे आणि एखादा पर्याय उठावदार करून दुसरा झाकणे हा त्यांतलाच एक प्रकार आहे. युरोपात हा वाद आणखी पुढे गेला आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीच्या प्रकरणात आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे असे ठरवले. फ्रान्सच्या माहिती संरक्षण नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला तो नेमका याच कारणासाठी, की स्वीकारायला एक टिचकी पुरत होती आणि नाकारायला अनेक लागत होत्या. हा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. युरोपचा कायदा सांगलीच्या दुकानाला लावायचा असे मी म्हणत नाही. पण ‘सगळेच असे लावतात’ या उत्तराची किंमत काय असते ते त्यातून दिसते.

मार्केट यार्डाच्या उदाहरणाबद्दल एवढेच म्हणते की तिथे हाक मारणारा माणूस दिसतो, तो तुमच्या गाळ्यावरचा असतो, आणि गिऱ्हाइकाने मान फिरवली की तो थांबतो. तो त्या गिऱ्हाइकाच्या मागोमाग दवाखान्यापर्यंत जात नाही.

पेठेतला माणूस

दवाखान्याचा मुद्दा मान्य. बटणांच्या आकाराबद्दलचा सल्ला मी मागे घेतो. पण जाहिरातीचा हिशेब कसा लागणार, हा माझा प्रश्न उभाच आहे.

कोरेगावचा टेस्टर

मी साताऱ्याकडचा, पोटापाण्यासाठी संकेतस्थळे तपासतो. हिशेबाचे आधी सांगतो. कोणत्या जाहिरातीवरून पाहुणा आला हे त्या जाहिरातीच्या दुव्यालाच एक खूण जोडून कळते. त्यासाठी माणसाच्या ब्राउझरमध्ये वर्षभर क्रमांक ठेवावा लागत नाही. पाहुणे मोजायला माटोमोसारखे साधन आपल्याच सर्व्हरवर बसवता येते आणि त्यातल्या कुकीज बंद करून ते चालते. ‘तोच माणूस पुन्हा आला काय’ याचा आकडा तेव्हा ढोबळ होतो, पण हळदीच्या पानावर किती जण आले आणि त्यांतले किती जण पैसे भरण्यापर्यंत पोचले, हे व्यवस्थित दिसते. छोट्या दुकानाला याहून बारीक आकडेवारी घेऊन करायचे काय, हे मला कोणी अजून पटवून दिलेले नाही.

आता धागाकर्त्यासाठी. पट्टी लावायचीच झाली तर ती खरी आहे की शोभेची, हे ओळखण्याची माझी पद्धत अशी आहे. कुकीज पुसून पान उघडतो आणि काहीही न दाबता मोजतो. इथे फक्त कामापुरत्या दिसल्या पाहिजेत, आपल्या तपासणीत इथेच घोडे पेंड खाते. मग ‘नाकारा’ दाबून दोन-तीन पाने हिंडतो आणि पुन्हा मोजतो, कारण काही पट्ट्या पहिल्या पानावर शहाण्यासारख्या वागतात आणि दुसऱ्या पानावर सगळे सोडून देतात. त्यानंतर ‘स्वीकारा’ दाबतो, कुकीज येऊ देतो, आणि मग संमती मागे घ्यायची जागा शोधतो. खरी मेख इथे असते. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी संकेतस्थळांवर पट्टी एकदा गेली की ती परत उघडायचा दुवाच नसतो. जिथे असतो तिथे संमती काढून घेतल्यावर नवीन कुकीज थांबतात, पण आधी ठेवलेल्या तशाच पडून राहतात. त्या पुसल्या गेल्या पाहिजेत, हे बनवणाऱ्याला सांगावे लागते.

आणखी एक. नुसते कुकीजचे कोष्टक पाहून थांबू नये. त्याच जागी ‘लोकल स्टोरेज’ नावाचा कप्पा असतो. त्यातल्या नोंदींना मुदत नसते, आणि कुकीज नाहीत असे सांगणारी काही साधने तोच क्रमांक तिथे लिहून ठेवतात. माणसाच्या दृष्टीने यात फरक काहीच नाही. शेजारच्या ‘नेटवर्क’ कप्प्यात पान उघडताना कोणकोणत्या परक्या पत्त्यांकडे विनंत्या गेल्या तेही दिसते.

बेदाणाघर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दहा दिवसांनी परत लिहितो आहे, कारण मधल्या काळात काम करून घेतले.

गप्पांची खिडकी काढली. तिच्या जागी फोन क्रमांक आणि व्हॉट्सॲपचा साधा दुवा दिला. तसेही आमच्या निम्म्या मागण्या तिथूनच येतात. जाहिरात कंपन्यांचे दोन्ही तुकडे काढले. यावर घरात वाद झाला. वडिलांचे म्हणणे होते की पैसे भरून घेतलेली वस्तू फेकायची कशाला. मी त्यांना बाईंचा फोन सांगितला, त्यावर ते म्हणाले, "मग आधी का नाही काढली?" मोजणी आमच्या सर्व्हरवर, कुकीविना, सुरू केली.

शेडच्या व्हिडिओने मात्र घाम काढला. तो काढावासा वाटेना, कारण द्राक्षे जाळीवर कशी वाळतात हे पाहून गिऱ्हाइकाला मालाचा भरवसा येतो. शेवटी व्हिडिओच्या जागी शेडचे एक स्थिर चित्र लावले आणि त्यावर लिहिले : "व्हिडिओ पाहण्यासाठी येथे दाबा. तो यूट्यूबवरून येतो आणि चालू केल्यावर यूट्यूब आपल्या ब्राउझरमध्ये स्वतःच्या कुकीज ठेवू शकते." जो दाबेल त्याच्यापुरताच व्हिडिओ येतो.

कुकीज पुसून पुन्हा मोजले. १७ च्या दोन राहिल्या : टोपली आणि भाषा. लोकल स्टोरेज रिकामे आहे. आता पट्टी ठेवायची कशासाठी, असा प्रश्न पडला आणि ती काढून टाकली. तिच्याऐवजी तळाशी ‘आपली माहिती’ असा दुवा आहे. त्यामागचा मजकूर मी स्वतः लिहिला आहे, तो इथे देतो, चुका दाखवाव्यात :

"हे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये दोन कुकीज ठेवते. पहिली आपली टोपली लक्षात ठेवते आणि ब्राउझर बंद केल्यावर पुसली जाते. दुसरी आपण निवडलेली भाषा लक्षात ठेवते आणि ३० दिवसांनी पुसली जाते. दोन्हींचा उपयोग जाहिरातीसाठी होत नाही. किती लोक आले हे आम्ही मोजतो, कोण आले हे नाही. पैसे भरताना आपण पेमेंट कंपनीच्या पानावर जाता. तिथे त्या कंपनीचे नियम लागू होतात. मागणीसोबत दिलेले नाव, पत्ता आणि फोन क्रमांक माल पोचवण्यासाठी आणि बिलासाठी वापरतो. आमची नवी भावपत्रके नको असतील तर मागणीच्या पानावरची चौकट रिकामी सोडा. ती आम्ही आधीपासून भरून ठेवलेली नाही."

विट्याची वकील

मजकूर स्वच्छ आहे. दोन दुरुस्त्या सुचवते. बिलासाठी ठेवलेली माहिती किती काळ ठेवता ते लिहा. आणि एखाद्याला आपला फोन क्रमांक काढून टाकायचा असेल किंवा तक्रार करायची असेल तर कोणाशी बोलायचे, हे त्याच पानावर असू द्या. अधिनियमातही ती अपेक्षा आहे. हाच मजकूर इंग्रजीतही ठेवा. अधिनियमाप्रमाणे सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते, तेव्हा बाकीच्या भाषांचाही विचार पुढे करावा लागेल. मराठी तिच्यात आहेच, आणि ‘बिस्किटे’ न लिहिता ती लिहिता येते हे आपण दाखवलेतच.

मिरजेची आजी

मला पहिल्या वाचनात सगळे कळले. फक्त ‘पेमेंट कंपनीच्या पानावर जाता’ तिथे थांबले. मी तुमच्या दुकानातून बाहेर पडले हे मला त्या वेळी कसे कळणार?

बेदाणाघर (धागाकर्ता)

आजी, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. ‘पैसे भरा’ या बटणाच्या वर आता एक ओळ घातली आहे : "यापुढचे पान आमचे नाही, ते पेमेंट कंपनीचे आहे." वकीलताईंच्या दोन्ही दुरुस्त्याही आज संध्याकाळी चढवल्या, आणि पुण्याच्या बाईंना फोन करून काय होत होते ते बिल्ल्याच्या उदाहरणासह सांगितले. त्यांनी एक किलो हळद मागवली, फोनवरूनच.